बाजारातले मांस आणि देवाचे गौरव

रोजच्या साध्या निर्णयांतून देवाचा मान कसा राखावा, या प्रश्नाची नव्या करारातली सर्वांत सविस्तर चर्चा मांस खाण्यावरून झाली आहे. ग्रीसमधले करिंथ शहर रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केले आणि इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलिअस सीझरने ते पुन्हा वसवले. इ.स. ५० च्या सुमारास प्रेषित पौल तेथे आला आणि दीड वर्ष राहिला. त्याच्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळीतले बरेच जण मूर्तिपूजा सोडून आलेले होते. देवळात बळी दिलेल्या जनावरांचे काही मांस शहरातल्या बाजारात विकायला येई. देवळांना लागून भोजनाच्या खोल्याही असत. करिंथमधल्या अस्क्लेपिअस या आरोग्यदेवतेच्या देवस्थानात तशा खोल्या उत्खननात सापडल्या आहेत. तिथल्या पंगतीला नाही म्हणणे म्हणजे नातलगांत आणि धंद्यातल्या ओळखीपाळखीत वेगळे पडणे होते.

मंडळीतल्या काहींनी यावर सरळ युक्तिवाद केला. देव एकच आहे, मूर्तीत काही नाही, मग तिला दाखवलेल्या नैवेद्यातही काही नाही. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल हे मान्य करतो, आणि त्याच्या उत्तराचे बळ इथेच आहे. युक्तिवाद बरोबर असूनही निर्णय चुकू शकतो, असे तो दाखवतो. कालपर्यंत त्याच मूर्तीपुढे हात जोडणारा एखादा नवा विश्वासी, जाणत्या भावाला देवळात जेवताना पाहून स्वतःही जेवायला बसेल. त्याच्या मनात मात्र ते जेवण अजून पूजाच असेल. अशा माणसाचा नाश होणार असेल, तर आपण पुन्हा कधी मांस खाणार नाही, असे पौल लिहितो. हक्क स्वतःचा आहे हे पटलेले असताना तो न वापरण्याची ही तयारी त्याच्या शिकवणीत फार वरच्या जागी आहे.

व्यवहारात मात्र तो सरसकट बंदी घालत नाही. देवळातल्या पूजेच्या पंगतीला त्याचा ठाम नकार आहे, कारण प्रभुभोजनाच्या मेजावर बसणाऱ्याने दुसऱ्या वेदीचा भागीदार होऊ नये. बाजारातले मांस मात्र चौकशी न करता खुशाल घ्यावे, कारण पृथ्वी आणि तिच्यातले सर्व काही देवाचे आहे. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले तर जावे आणि पानात पडेल ते खावे. पण हे अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितलेच, तर सांगणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीसाठी थांबावे. खाणे-पिणे किंवा दुसरे काहीही देवाच्या गौरवासाठी करावे, हे पौलाचे प्रसिद्ध सूत्र या तपशिलांच्या शेवटी येते. भिंतीवरच्या तक्त्यावर ते एकटे लिहिले जाते तेव्हा त्यामागचा बाजार, यजमान आणि दुर्बळ भाऊ दिसेनासे होतात.

या शिकवणीचा अर्थ कित्येकदा ‘कोणाला खटकेल असे काही करू नये’ इतकाच लावला जातो. तो अपुरा आहे. पौलाचा दुर्बळ भाऊ म्हणजे नाक मुरडणारा माणूस नव्हे. दुसऱ्याचे पाहून स्वतःच्या मनाविरुद्ध वागण्याचा धोका ज्याला आहे, तो दुर्बळ. हा फरक विसरला की मंडळीतला सर्वांत हळवा किंवा हेकट माणूस सर्वांच्या ताटावर राज्य करू लागतो.

इ.स. ५७ च्या सुमारास रोमच्या मंडळीला लिहिताना पौल आणखी पुढे जातो. कोणी सर्व काही खातो, कोणी फक्त भाजीपाला. दोघेही देवाचे आभार मानून खात असतील तर दोघेही देवाचा मान राखतात. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये. मनात संशय ठेवून खाणे मात्र पाप ठरते.

हाच प्रश्न पंडिता रमाबाईंच्या वाट्याला उलट्या बाजूने आला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यांनी शाकाहार सोडला नाही. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जुन्या जातिसंस्काराचा अवशेष दिसला. त्यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी आपला आग्रह कायम ठेवला. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्रात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रोमकरांस पत्राच्या कसोटीवर रमाबाईंची बाजू भक्कम ठरते. मांस खाणे ही कधीच विश्वासाची परीक्षा नव्हती.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांत अर्पण केलेल्या अन्नाचा हा प्रश्न गणपतीच्या दिवसांत शेजारून येणाऱ्या प्रसादाच्या रूपाने उभा राहतो. काही जण तो शेजाऱ्याचे प्रेम म्हणून घेतात. काहींना, विशेषतः ज्यांनी ती पूजा स्वतः केलेली आहे त्यांना, तो घेता येत नाही. पौलाच्या विचाराने दोन्ही निर्णय प्रामाणिक असू शकतात. घरात नुकताच बाप्तिस्मा घेतलेला कोणी असेल, तर घेणाऱ्यालाही थांबून त्याचा विचार करावा लागतो. नकार द्यायचा असेल तर तो कसा द्यावा, हाही या निर्णयाचाच भाग असतो, कारण मंडळीबाहेरच्या माणसालाही अडखळण होऊ नये असे पौल करिंथकरांना लिहितानाच सांगतो. दारात उभ्या असलेल्या शेजारणीला आत बोलावून, दोन शब्द बोलून, तिच्या श्रद्धेचा अवमान न करता नाही म्हणता येते.