परतणाऱ्यासाठी उघडी मूठ



घरच्या कुत्र्याला ‘हात दे’ म्हणताच पंजा पुढे करावयास शिकविताना आपण मुठीत बिस्किटाचा तुकडा धरतो. तो मूठ हुंगतो, चाटतो, शेवटी पंजाने उकरतो. त्याच क्षणी मूठ उघडून शाबासकी द्यावी लागते. थोडाही विलंब झाला, तर बक्षीस कशाचे हे त्याला उमगत नाही.

शिक्षेचेही तसेच आहे. पळून गेलेला कुत्रा हाकेसरशी परत आला आणि आपण त्याला छडी मारली, तर पळणे वाईट हे तो शिकत नाही. परत येणे धोक्याचे, एवढेच शिकतो.

लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील पित्याचे हृदय पाहा. उधळा पुत्र दुरून दिसताच तो धावत सामोरा गेला. त्याने हिशेब मागितला नाही, मेजवानी दिली.

बंधुभगिनींनो, आपले लेकरू अपयश घेऊन, मान खाली घालून दाराशी येते, तेव्हा आपल्या हाती काय असते? परतणाऱ्याला आज फटकारले, तर उद्या ते कोणाच्या दाराशी जाईल? देवपित्याने आपल्यासाठी मूठ उघडली आहे. आपणही ती उघडू या.