चहाडी आणि साक्ष

शाळेंत असतांना ज्या शब्दाची आम्हांस वेताच्या छडीहूनही अधिक धास्ती वाटे, तो शब्द 'चहाडखोर' हा होय. छडीचा वळ संध्याकाळपर्यंत मावळे. पण हा शिक्का एकदां कपाळीं बसला कीं, वर्ष संपेपर्यंत डबा खावयास कोणी जवळ बसत नसे. मास्तरांनीं "शाई कोणीं सांडली?" असें विचारावें आणि साऱ्या वर्गानें जमिनीकडे पाहत बसावें, हा प्रसंग कोणत्या वाचकाच्या आठवणींत नाहीं? त्या मौनांत भीतीइतकाच एक प्रकारचा अभिमानही असे. मोठेपणीं त्या अभिमानास आपण निष्ठा, स्नेह, मित्रधर्म अशीं भारदस्त नांवें देतों. आपल्या पुराणकथांनींही या बाबतींत आपणांस थोडें गोंधळांतच ठेविलें आहे. बिभीषण रामभक्त खरा, सप्तचिरंजीवांत त्याची गणना. तथापि 'घरभेदी' हें विशेषण कांहीं त्याची पाठ सोडीत नाहीं, आणि आमच्या माहितीच्या पांढरपेशा घरांत तरी मुलाचें नांव बिभीषण ठेवलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. उलट कर्ण! मित्राचा पक्ष अन्यायाचा आहे हें पुरतें ठाऊक असून जो त्याच पक्षाकडून लढून मेला, त्या कर्णाविषयीं ज्याचें मन हळवें होत नाहीं असा मराठी मनुष्य विरळा.

हा विचार मनांत घोळण्यास निमित्त झालें तें अमेरिकेंतील एका लष्करी विद्यालयाच्या एका नियमाचें. हडसन नदीच्या काठीं वेस्ट पॉइंट येथें इ. स. १८०२ त स्थापन झालेल्या या विद्यालयांत चार वर्षें शिकून तरुण लोक लष्करांत अधिकारी होतात. तेथील सचोटीचा नियम एका वाक्यांत मावण्याजोगा आहे. कॅडेटनें खोटें बोलूं नये, फसवूं नये, चोरी करूं नये, आणि जे असें करतात त्यांस खपवूनही घेऊं नये. पहिल्या तीन गोष्टी आपल्याकडे मूल बोलूं लागतांच सांगितल्या जातात. त्यांविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो चौथीविषयीं. शेजारच्या खाटेवर निजणाऱ्या मित्रानें परीक्षेंत नक्कल केली हें एखाद्यास कळलें आणि तो गप्प राहिला, तर नियमाच्या दृष्टीनें तोही दोषी. ही चौथी गोष्ट नियमाच्या शब्दांत मागाहून आली, पण वहिवाटींत ती आधींपासूनच होती. नियम चालविणारी समिती विद्यार्थ्यांचीच. डग्लस मॅकार्थर हे विद्यालयाचे प्रमुख असतांना, १९२२ त, तिला अधिकृत रूप आलें. आणि पुष्कळ वर्षें शिक्षा एकच होती, ती म्हणजे विद्यालयांतून गच्छंती.

१९५१ सालीं या चौथ्या गोष्टीची मोठी कसोटी लागली. तेथें एकच प्रश्नपत्रिका कांहीं विद्यार्थ्यांस आज व उरलेल्यांस उद्यां देण्याची रीत होती; आजचा विद्यार्थी उद्यांच्यास कांहीं सांगणार नाहीं, असा विश्वास. फुटबॉलच्या चमूंतील खेळाडूंनीं या विश्वासास भोंक पाडलें. दिवसभर कवाईत आणि वर्ग, मग मैदान, मग पुस्तक. तेव्हां आधीं परीक्षा दिलेला सोबती रात्रीं प्रश्न सांगूं लागला. त्या ऑगस्टांत नव्वद विद्यार्थ्यांस काढून टाकण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यांत फुटबॉलचे खेळाडू पुष्कळ होते, आणि त्यांचे शिक्षक अर्ल ब्लेक यांचा स्वतःचा मुलगाही होता. कांहींचा अपराध एवढाच कीं, मित्रांची नक्कल ठाऊक असून त्यांनीं ती सांगितली नाहीं.

आम्हांस या शेवटच्या मुलांची कींव येते, आणि ती कां येते हें जरा तपासून पाहिलें पाहिजे. लष्करी शिक्षणाचा सारा खटाटोप कशासाठीं असतो? निरनिराळ्या घरांतून आलेल्या, एकमेकांचीं नांवेंही ठाऊक नसलेल्या पोरांस पहाटे एकत्र उठवावें, एकत्र पळवावें, एकाच्या बुटाला चिखल लागला तर सगळ्यांस शिक्षा करावी, दमलेल्याचें ओझें दुसऱ्यास उचलावयास लावावें. आणि असें करतां करतां, सोबत्यास टाकून जावयाचें नाहीं ही गोष्ट त्यांच्या हाडीं खिळवावी. गोळ्यांच्या वर्षावांत मनुष्य उभा राहतो तो डावीकडच्या आणि उजवीकडच्या माणसासाठीं, असें लढून आलेले लोक सांगतात. हें सर्व शिकवून झाल्यावर त्याच पोरास त्याच विद्यालयानें सांगावयाचें कीं, सोबत्याचें पाऊल घसरलें तर जा आणि समितीस कळव! एका हातानें दोर वळावयाचा आणि दुसऱ्या हातानें कातर पुढें करावयाची, असा हा प्रकार वाटतो. आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याच्या प्रबोधिनींतही साडेसोळा वर्षांचीं मुलें जातात. २०२२ पासून मुलीही जाऊं लागल्या आहेत. नात्यागोत्यांतील असा एखादा पोरगा निघाला असतां त्याची आई निरोप देतांना काय सांगेल? 'मित्रांना धरून राहा' हेंच ती सांगणार. आणि तें चुकीचें आहे असें तिला म्हणण्याचें धाडस आमच्यानें होणार नाहीं.

परंतु या कींवेच्या समोर आमचाच एक अनुभव येऊन उभा राहतो. कॉलेजांत असतांना परीक्षेच्या वेळीं पुढच्या बांकावरील आमच्या स्नेह्यानें अस्तनींतून चिठ्ठी काढलेली आम्हीं पाहिली. आम्ही खालीं मान घालून लिहीत राहिलों. आम्हीं पाहिलें हें त्यालाही कळलें होतें. बाहेर पडल्यावर त्यानें आमच्या खांद्यावर हात ठेविला, आणि खरें सांगावयाचें तर तो हात आम्हांस त्या वेळीं गोड वाटला. दोन महिन्यांनीं निकाल लागला. शिष्यवृत्ति एकच होती. ती आमच्या स्नेह्यास मिळाली. चार गुणांनीं मागें पडलेला एक मुलगा, ज्याच्याशीं आमचें कधीं धड बोलणेंही झालें नव्हतें, पुढच्या सत्रास आला नाहीं. कुठल्याशा दुकानांत हिशेब लिहूं लागला असें ऐकलें. आमच्या मौनाचें मोल आम्हांस पडलें नाहीं, स्नेह्यासही पडलें नाहीं. तें त्या मुलास पडलें, आणि आपण कोणाचें देणें भरीत आहों याचा त्यास पत्ताही नव्हता.

चहाडी आणि साक्ष यांतील सीमा आम्हांस तेव्हांपासून येथें दिसते. शाई सांडणाराचें नांव मास्तरांच्या कानांत सांगणारा पोर कोणाचें रक्षण करीत नाहीं. तो आपली वट वाढवितो. पण जेथें गप्प बसण्याचा दंड भलत्याच कोणाला भरावा लागतो, तेथें बोलणें ही चहाडी राहत नाहीं. आणि अधिकाऱ्याचा व्यवसाय तर असा कीं, त्याच्या खोट्याचा दंड बहुधा दुसऱ्यानेंच भरावयाचा. पूल न पाहतांच 'पाहिला, मजबूत आहे' असें लेफ्टनंटनें लिहून दिलें, तर रात्रीं त्यावरून जाणारे शिपाई तें कोणास विचारणार? टेहळणीस गेलेली तुकडी अर्ध्या वाटेवरून परतून 'पुढें कोणी नाहीं' म्हणाली, तर सकाळीं त्या वाटेनें निराळींच माणसें जातात. वाण्याचा तराजू खोटा निघाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जाईल. शिपायाला दुसरें दुकान नाहीं. पेपरांतली नक्कल आणि पुलाचा खोटा अहवाल यांत अंतर पुष्कळ आहे, हें आम्ही जाणतों. पण मित्राचें पहिलें खोटें झांकण्याची ज्याला संवय लागली, त्यानें पुढें नेमकें कोठें थांबावें हें त्याला कोण सांगणार?

म्हणून नियमाचा हेतु आम्हांस मान्य आहे. रीतीविषयीं मात्र आमचें समाधान नाहीं. १९७६ त विद्युत्शास्त्राची एक प्रश्नपत्रिका विद्यार्थ्यांस खोलीवर नेऊन एकट्यानें सोडविण्यास दिली होती. पुष्कळांचीं उत्तरें चुकांसकट जुळलीं, आणि सुमारें दीडशें विद्यार्थ्यांस विद्यालय सोडावें लागलें. इतक्या मुलांचा प्रश्न उभा राहतांच सरकारही बिचकलें. वर्षानंतर परत येण्याची मुभा दिली गेली, तिचा पुष्कळांनीं लाभ घेतला; आणि चंद्राची प्रदक्षिणा करून आलेले फ्रँक बोर्मन, जे स्वतः त्याच विद्यालयाचे विद्यार्थी, यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीमंडळ बसलें. दोष केवळ मुलांचा नाहीं, विद्यालयाचाही आहे. प्रत्येक अपराधास एकच शिक्षा असणें योग्य नाहीं. आणि मित्राचा दोष कळलेल्यापुढें कळविण्यावांचून दुसऱ्याही वाटा असाव्या, असा त्या मंडळाच्या सांगण्याचा आशय होता.

आमच्या मतें या निष्कर्षांत मोठें शहाणपण आहे. गच्छंतीवांचून दुसरी शिक्षाच नसली, म्हणजे मित्राविषयीं तोंड उघडणें हें त्याच्या साऱ्या भवितव्यावर पाणी सोडण्यासारखें होतें. वीस वर्षांचा पोर असा वेळीं एक दिवस थांबतो. उद्यां सांगूं म्हणतो. पण नियमानें त्या एका दिवसाच्या मौनालाही अपराध ठरविलेलें असतें. आतां तो स्वतःच गुन्हेगार झाला. मित्राचें सांगावयाचें तर आपलेंही सांगावें लागणार. मग त्याचें मौन ठाऊक असलेला तिसरा अडकतो, तिसऱ्याचें ठाऊक असलेला चौथा. मौन मोडण्यासाठीं केलेल्या नियमानेंच मौनाची सांथ पसरावी, यापरतें दुर्दैव कोणतें?

आणि ज्यांना बोलावयाचें नाहीं ते दुसऱ्या प्रकारेंही बोलतात. १९७१ त, वेळ संपल्यावरही उत्तरें लिहीत राहिल्याचा आरोप एका विद्यार्थ्यावर आला. समितीनें त्यास दोषी ठरविलें. वरिष्ठांनीं तांत्रिक कारणावरून तो निर्णय रद्द केला. सोबत्यांनीं मात्र तो रद्द मानला नाहीं. एकोणीस महिने त्याच्याशीं कोणी बोललें नाहीं. तो खोलींत एकटा राहिला, जेवणघरांत मोठ्या टेबलाशीं एकटा जेवला, आणि १९७३ त तसाच पदवी घेऊन बाहेर पडला. त्याच वर्षीं ही बहिष्काराची चाल बंद झाली. तो खरोखर दोषी होता कीं नव्हता, हें आम्ही ठरवूं शकत नाहीं. परंतु सत्याच्या नांवानें चाललेल्या या शिक्षेंत आणि आमच्या शाळेंत चहाडखोराला मिळणाऱ्या शिक्षेंत कांहीं फरक आहे काय?

त्याच देशांत अ‍ॅनापोलिस येथें नौदलाचें विद्यालय आहे. तेथील सचोटीच्या तत्त्वांत 'खपवून घेऊं नये' हें कलम नाहीं. मित्राचा दोष दिसला तर त्याला गांठून तोंडावर विचारावें, समज द्यावी, किंवा वर कळवावें. विवेक ज्याचा त्यानें करावा. ही रीत आम्हांस अधिक माणुसकीची वाटते. आईच्या 'मित्रांना धरून राहा' या सांगण्याशींही ती जुळते. कारण घसरणाऱ्याचा हात धरून त्याला समितीपुढें चालत नेणें हेंही धरून राहणेंच आहे. आमच्या स्नेह्याला त्या दिवशीं परीक्षेबाहेर गांठून 'तूं जाऊन सांग, मी बरोबर येतों' एवढें म्हणणें आम्हांस अशक्य नव्हतें. पण येथेंही फार हुरळून जाण्याचें कारण नाहीं. १९९२ च्या डिसेंबरांत अ‍ॅनापोलिस येथें विद्युत्शास्त्राचीच प्रश्नपत्रिका फुटली, चौकशींत शंभरांवर नांवें आलीं, आणि १९९४ त चोवीस जणांस घरीं जावें लागलें. कठोर नियमानें वेस्ट पॉइंट वांचलें नाहीं, सौम्यानें अ‍ॅनापोलिस वांचलें नाहीं. २०२० त महामारीमुळें वेस्ट पॉइंटचे विद्यार्थी घरून परीक्षा देत असतां गणिताच्या पेपरांत त्र्याहत्तरांवर पुन्हां तोच आरोप आला.

या सर्व चर्चेंत एक गोष्ट मात्र कोणी फारशी बोलत नाहीं, आणि आमच्या मनाला तीच अधिक लागून राहिली आहे. नियम मित्रांमित्रांत आहे, वरच्याविषयीं काय? १९६८ च्या मार्चच्या १६ तारखेस व्हिएतनामांतील माय लाई येथें अमेरिकन शिपायांनीं शेंकडों निःशस्त्र बायका, मुलें व म्हातारे मारले. ज्या डिव्हिजनच्या हातून हें झालें तिचे सेनापति मेजर जनरल सॅम्युअल कोस्टर यांची त्याच वर्षीं वेस्ट पॉइंटच्या प्रमुखपदीं नेमणूक झाली. प्रकरण वर्षभराहून अधिक काळ दडलेलें राहिलें. १९७० च्या मार्चांत तें दडपल्याचा आरोप ज्या अधिकाऱ्यांवर आला त्यांत कोस्टर होते, आणि त्यांस प्रमुखपद सोडावें लागलें. पुढें खटला मागें घेतला गेला. पण त्यांचा हुद्दा उतरविला व पदक परत घेतलें. त्या पावणेदोन वर्षांत, शेजाऱ्याची नक्कल लपविल्याबद्दल एखाद्या पोरास ज्या विद्यालयानें घालविलें असेल, त्याचे प्रमुख कोस्टर होते.

कौरवसभेंत द्रौपदीची विटंबना चालली असतां भीष्मद्रोण खालीं पाहत बसले, आणि धृतराष्ट्राचाच एक धाकटा मुलगा विकर्ण उठून म्हणाला कीं हें न्यायाचें नाहीं. 'तूं पोर आहेस, तुला काय कळतें' असें दटावून त्याला खालीं कोणीं बसविलें? आपल्या त्याच लाडक्या कर्णानें. विकर्णाला कोणत्याही समितीनें बोलावयास शिकविलें नव्हतें. तरी पुढें तो लढला भावांच्याच बाजूनें, आणि मेलाही त्याच बाजूनें. त्याला मारतांना भीमासही वाईट वाटलें. मित्रधर्म आणि साक्ष हीं दोन्ही एकाच छातींत राहूं शकतात, याचें त्याच्याहून चांगलें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

माय लाईंतही एक विकर्ण होता. ह्यू थॉम्प्सन हा हेलिकॉप्टर चालविणारा वॉरंट ऑफिसर; वेस्ट पॉइंटचें तोंड त्यानें विद्यार्थी म्हणून कधीं पाहिलें नव्हतें. त्यानें आपलें विमान पळणारे गांवकरी आणि त्यांच्यामागून येणारे आपलेच शिपाई यांच्या मध्यें उतरविलें, सांपडतील तितक्या गांवकऱ्यांस तेथून हलविलें, आणि तळावर परत येतांच पाहिलेलें सारें वरिष्ठांस सांगितलें. पुढें साक्ष दिली तेव्हां देशांत त्यास देशद्रोही म्हणणारे निघाले. रात्रीं धमक्यांचे फोन येत, सकाळीं दारापुढें मेलेलीं जनावरें टाकलेलीं असत. सरकारनें त्यास शौर्याचें पदक दिलें तें १९९८ त, तीस वर्षांनीं. त्यानंतर लष्करी विद्यालयांतून त्यास भाषणासाठीं बोलावूं लागले, आणि २००६ त मरण येईपर्यंतच्या वर्षांत सोबत्याविरुद्ध बोलावें कीं न बोलावें या कोड्यांत पडलेल्या त्या पोरांपुढें तो जाऊन उभा राहत असे.