एकादशी कुणाच्या सूर्योदयाची?

मुंबईत एकादशी बुधवारी आणि न्यू यॉर्कमध्ये मंगळवारी, असे पंचांगात दिसले की तिकडच्या मराठी घरांत संभ्रम होतो. उपास नक्की कधी धरायचा? माझे उत्तर स्पष्ट आहे: जिथे राहता तिथल्या सूर्योदयाने. ही परदेशापुरती काढलेली पळवाट नाही, धर्मशास्त्राची मूळ रीतच ती आहे. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे गेला की एक तिथी पुरी होते, आणि तो क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. व्रताचा दिवस मात्र साधारणपणे सूर्योदयाला कोणती तिथी आहे यावर ठरतो, आणि सूर्योदय गावागणिक निराळा. समजा, आषाढात एकादशी मंगळवारी सकाळी 11 वाजता लागून बुधवारी 11 ला संपते. मुंबईकराला ती बुधवारच्या सूर्योदयाला मिळते. न्यू यॉर्कमध्ये तेव्हा घड्याळ साडेनऊ तास मागे. तिथे ती मंगळवारी पहाटे दीडला लागते आणि बुधवारी पहाटे दीडलाच संपते. बुधवारी तिथे सूर्य उगवतो तो द्वादशीला. त्या दिवशी उपास करणारा मुंबईची तारीख पाळतो, एकादशी नव्हे.

यावर आक्षेप येतो की मग समाजाची एकजूट कशी राहणार? पंढरपुरात एकादशीचा उपास चालू असताना आपण पारणे सोडून मोकळे, हे मनाला पटत नाही. ही ओढ खरी आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पण एका तारखेची एकजूट महाराष्ट्रातही कधी नव्हती. स्मार्त आणि भागवत एकादशी कधी कधी लागोपाठच्या दोन दिवशी येतात, आणि एकाच आळीत दोन्ही पाळल्या जातात. संकष्टीला नागपुरात चंद्र मुंबईच्या सुमारे 25 मिनिटे आधी उगवतो. म्हणून तर दिनदर्शिकेत चंद्रोदयाच्या वेळा शहरवार छापतात, आणि मुंबईचा चंद्र दिसेपर्यंत ताट वाढू नका असे नागपूरकराला कुणी सांगत नाही. घड्याळाची एकजूट तर फारच अलीकडची: 1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी 39 मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ या शहराने पुढे कित्येक वर्षे सोडली नाही.

सगळ्यात भक्कम पुरावा ग्रहणाचा. जे ग्रहण आपल्याकडे दिसत नाही त्याचे वेध पाळायचे नाहीत, हे घरातली वडीलधारी माणसेही सांगतात. सावली पडली हे सत्य जगभर एकच, पण कर्तव्य त्यालाच ज्याच्या डोक्यावरच्या आकाशात ती दिसते. संकल्पातही तिथीच्या आधी देश आणि नदीचा तीर उच्चारावा लागतो. कर्म करणारा कुठे उभा आहे हे सांगितल्याशिवाय काळाचा उच्चार पुरा होत नाही.

अवघड प्रश्न उरतो तो नॉर्वेतल्या ट्रॉम्सोसारख्या गावाचा. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. तिथे नियम अडतो हे मान्य करायला हवे. माझ्या मते, त्याच रेखांशावर दक्षिणेकडे जिथे सूर्य उगवतो, तिथला सूर्योदय धरावा. दिवस तरी त्या गावाच्या जवळचा राहील.