चौकोन की गोल?

तुमच्या घरात बारा ते वीस या वयातला मुलगा असेल, किंवा तुम्ही स्वतः चाळिशी ओलांडूनही प्लेस्टेशन विकून टाकलेलं नसेल, तर हा वाद तुम्हाला नवा नाही. फुटबॉलचा व्हिडिओ गेम कोणता चांगला? ईए स्पोर्ट्सचा, ज्याला जग तीस वर्षं ‘फिफा’ म्हणत होतं आणि २०२३ पासून ज्याचं नाव ‘एफसी’ झालं? की जपानच्या कोनामीचा, म्हणजे पूर्वीचा ‘विनिंग इलेव्हन’, नंतरचा ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’ ऊर्फ ‘पेस’ आणि आताचा ‘ईफुटबॉल’?

तुम्ही म्हणाल, हा काय लेखाचा विषय झाला? मलाही तसंच वाटायचं. पण गेल्या सप्टेंबरात, शारजातल्या आमच्या अल नहदाच्या फ्लॅटमध्ये, या प्रश्नावरून मी माझ्या तेरा वर्षांच्या मुलाशी खोटं बोललो. आणि ते खोटं नेमकं कुठे होतं हे माझं मलाच कळायला बरेच दिवस लागले.

त्याला वाढदिवसाला नवा एफसी हवा होता. किंमत अडीचशे दिरहमांच्या वर. मी म्हणालो, "ईफुटबॉल फुकट मिळतो, आणि खेळ म्हणून तोच जास्त चांगला आहे." वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा होता. दुसरा मी २००६ सालच्या माहितीवर ठोकून दिला होता.

२००६ साली मी इथे आलो. रोला भागात एका खोलीत आम्ही सहा जण, बेडस्पेसवाले. त्यातल्या एकाकडे प्लेस्टेशन टू होतं. तो मलप्पुरमचा. फुटबॉलचं वेड घेऊन जन्माला आलेली माणसं केरळात त्या जिल्ह्यात सापडतात आणि आपल्याकडे कोल्हापुरात, त्यामुळे आमचं जमलं. शुक्रवारची एकच सुट्टी, म्हणून गुरुवारची रात्र आमची. गेम होता पेस ६. इंटर मिलान जो घेईल त्याने सकाळी सगळ्यांची भांडी घासायची असा खोलीचा नियम होता, कारण इंटरकडे आद्रियानो होता. त्या गेममधला आद्रियानोचा डावा पाय ज्यांनी अनुभवला आहे त्यांना या नियमाचं कारण सांगावं लागणार नाही. इतरांसाठी सांगतो, तो अर्ध्या मैदानातून मारायचा आणि गोलकीपर फक्त साक्षीदार असायचा.

त्या वर्षी फिफाही आला होता. आम्ही तोही खेळून पाहिला. त्यात सगळं होतं, खऱ्या लीग, खरे क्लब, खरे शर्ट. फक्त चेंडू पायाला गोंद लावून चिकटवल्यासारखा. पेसमध्ये चेंडू वेगळा आणि माणूस वेगळा होता. पास जोरात गेला तर तो निसटायचा, पाठीमागून आलेला चेंडू आवरायला एक पाऊल जास्त लागायचं, आणि त्या एका पावलात सामना फिरायचा. आमच्या सहा जणांत यावर दुमत नव्हतं, आणि त्या काळी जगभरच्या बऱ्याच खेळणाऱ्यांचंही हेच मत होतं.

पण पेसकडे नावं नव्हती. खेळाडूंची आणि क्लबांची नावं, शर्ट, बोधचिन्हं वापरायला लायसन्स लागतं, आणि बरीचशी लायसन्स ईएने घेऊन ठेवलेली. म्हणून कोनामीच्या जुन्या गेममध्ये रोबेर्तो कार्लोस हा ‘लार्कोस’ झाला होता. लिव्हरपूल अनेक वर्षं ‘मर्सीसाइड रेड’, आर्सेनल पुढे ‘नॉर्थ लंडन’, मँचेस्टर सिटी ‘मॅन ब्लू’. आता गंमत बघा. सिटी २००८ पासून अबू धाबीच्या शेख मन्सूर यांची. आर्सेनलच्या छातीवर २००६ पासून एमिरेट्स, म्हणजे जिच्या विमानाने आपण मुंबईला जातो ती कंपनी. अशी आपल्या शेजारची नावं सातासमुद्रापार जाऊन शर्टावर बसलेली, आणि पेसमध्ये ते शर्ट कोरे. मग आम्ही एक एक नाव स्वतः टाइप करायचो, शर्टाचे रंग जुळवायचो. लोक अशा दुरुस्त केलेल्या फाइली एकमेकांना देतही असत, पण आमच्या खोलीत ते काम हातानेच व्हायचं. एकदा रात्री दोनपर्यंत बसून मी आख्खा हॉलंडचा संघ बारशाला बसवला होता.

मी मुलाला हे सगळं रंगवून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, ज्या गेममध्ये आर्सेनलचं नाव आर्सेनल नाही, तो खरा कसा?"

हा प्रश्न वाटतो तितका बालिश नाही. दोन नकला समोर आहेत. एकीने चेहरा हुबेहूब घेतला, दुसरीने चाल. मूळ वस्तूच्या जवळची कोणती? मी चाल म्हणेन. नाट्यसंगीताच्या मैफलीत गायकाने मूळ गायकासारखी पगडी घातली म्हणून काही गाणं तसं होत नाही. पण मुलगा ज्या फुटबॉलवर वाढला त्यात नाव, शर्ट, समालोचकाचा आवाज हेही खेळाचाच भाग आहेत. इथल्या त्याच्या मित्रांपैकी अर्धे इसाम शवालीचं अरबी समालोचन लावून खेळतात. अरबी न येणारा माझा मुलगासुद्धा गोल झाल्यावर शवालीसारखा ओरडतो. त्याच्यासाठी तो आवाज गेला तर खेळातून काहीतरी खरंच जातं. शिवाय नावाचा मालक कोण हाही करारांचाच खेळ. २०१९ मध्ये युव्हेंटसचा करार कोनामीशी झाला आणि फिफा २० मध्ये रोनाल्डो ‘पिएमोंते काल्चो’ नावाच्या संघातून खेळू लागला. आणि ईएने ‘फिफा’ हे नाव सोडल्यावर २०२४ मध्ये त्याच फिफाने कोनामीशी हात मिळवला आणि रियाधला ईफुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. ज्या नावासाठी माझा मुलगा भांडत होता, ते तोपर्यंत माझ्या बाजूला येऊन बसलं होतं! मी हे त्याला सांगितल्यावर त्याने खांदे उडवले.

नावाचा मुद्दा जमेना तेव्हा मी नैतिकतेचा काढला. (आपण आईबाप असंच करतो ना? पसंतीचा वाद हरतोय असं दिसलं की मूल्यं बाहेर येतात.) एफसीमध्ये ‘अल्टिमेट टीम’ नावाचा प्रकार आहे. त्यात खेळाडू पत्त्यांसारखे पॅकमधून मिळतात. पॅक खेळूनही मिळतो आणि पैसे देऊनही. आत कोण निघेल ते आधी कळत नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये याला जुगार ठरवलं आणि पुढच्या जानेवारीत ईएला तिथे त्याची विक्री थांबवावी लागली. नेदरलँड्समध्ये मात्र लावलेला दंड २०२२ मध्ये कोर्टाने रद्द केला, म्हणजे युरोपातही एकमत नाही. त्यावर कडी म्हणजे पुढच्या वर्षीचा गेम आला की हे पत्ते त्यात येत नाहीत. सगळं शून्यापासून.

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्या केली आहे. ज्या अडचणी टाळता आल्या असत्या त्या आपणहून अंगावर घेणं म्हणजे खेळ. चेंडू हाताने उचलून जाळ्यात नेणं सोपं आहे, आपण पायाने नेतो. मला हे फार पटतं. आणि मग पैसे देऊन अडचण कमी करून घेणं म्हणजे खेळ विकत घेऊन त्यातला खेळ काढून टाकणं नाही का? मी हे जेवणाच्या टेबलावर बरंच लांबवलं. बायको म्हणाली, "आमटी थंड होतेय."

मुलाने विचारलं, "ईफुटबॉलमध्ये पॅक नाहीत?"

आहेत. नाणी विकत घ्या, नशीब आजमावा, जुना महान खेळाडू निघाला तर निघाला. २०२१ च्या सप्टेंबरात ईफुटबॉल आला तेव्हा तो इतका कच्चा होता की कोनामीला माफी मागावी लागली, आणि ज्या ‘मास्टर लीग’साठी मी पेसवर जीव टाकला होता ती त्यात नव्हतीच. माझ्या मनातला पेस म्हणजे कास्तोलो आणि मिनांडा या काल्पनिक खेळाडूंना घेऊन दुसऱ्या डिव्हिजनमधून वर चढणारा संघ. तो गेम दुकानात नाही, कुठेच नाही. हे मला माहीत होतं. तरी मी ‘तोच जास्त चांगला आहे’ असं वर्तमानकाळात म्हणालो होतो.

मग त्याने शेवटचा प्रश्न विचारला. "तुझी ती सीडी ओरिजिनल होती का?"

नव्हती. दहा दिरहमांची, प्लास्टिकच्या पातळ पाकिटात, वर मार्करने लिहिलेली. आमच्या खोलीतल्या प्लेस्टेशनमध्ये नकली सीडी चालावी म्हणून चिप बसवून घेतली होती. ज्या गेमवर मी वीस वर्षं निष्ठा सांगतो, त्याच्या निर्मात्यांना माझ्याकडून एक फिल्स गेलेला नाही. आणि पॅकवर भाषण देत होतो मी.

पगार कमी होता, सगळेच तसं करायचे, ही कारणं माझ्याकडे तयार होती. मी ती तोंडापर्यंत आणली आणि गिळली, कारण उद्या पॅक घेताना तो नेमकं हेच म्हणेल.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. कुस्तीच्या तालमींनीच संघ उभे केले, आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असला की शहराचे दोन भाग होतात. तिथे ‘कोणता संघ चांगला’ असं विचारणारा माणूस परगावचा समजावा. मंगळवार पेठेतला पोरगा पाटाकडीलचा. त्याने दोन्ही संघ तोलून पाहिलेले नसतात, आणि तो तसा आवही आणत नाही. संघ भिकार खेळला तर शिव्या देतो, पुढच्या सामन्याला जातो. ‘आमचा’ आणि ‘चांगला’ हे दोन शब्द तिथे वेगळे आहेत.

माझं खोटं इथे होतं. ‘आमचा’ म्हणायचं सोडून मी ‘चांगला’ म्हणालो. चांगला म्हटलं की पुरावे द्यावे लागतात आणि पुरावे उलटले तर मत बदलावं लागतं. आमचा म्हटलं की पुरावे लागत नाहीत, पण मग तो दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा हक्कही उरत नाही. मला दोन्हीकडचे फायदे हवे होते. आणि खरं सांगायचं तर ‘आमचा’ तरी कोण? कोनामी नव्हे. ती खोली, भांड्यांचा ढीग, २००९ मध्ये नोकरी गेल्यावर प्लेस्टेशन आम्हालाच ठेवून घरी परतलेला तो मलप्पुरमवाला. हे सगळं एखाद्या डाउनलोडमध्ये माझ्या मुलाला कसं मिळणार होतं?

तुमच्यापैकी काहींना वाटेल, मग काय, सगळं सापेक्ष, ज्याची त्याची आवड? तसं मी म्हणत नाही. मी दोन आठवडे दोन्ही गेम मित्राकडे प्रामाणिकपणे खेळलो. ईफुटबॉलमध्ये पासला अजून वजन आहे, ते एफसीत मला जाणवत नाही. पण एफसीत एकट्याने खेळायला, संघ घडवायला, मित्रांबरोबर बसायला कितीतरी जास्त आहे, आणि तेरा वर्षांच्या मुलाचे सगळे मित्र तिथे आहेत. तेव्हा आज, त्याच्यासाठी, एफसी जास्त चांगला. पॅकबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. ते दोन्ही कंपन्यांना सारखंच लागू आहे, एवढंच.

गेम घेतला. कार्ड त्याला जोडलं नाही, आणि का नाही ते सीडीच्या गोष्टीसकट सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तू चोरी केलीस म्हणून मी पॅक घ्यायचे नाहीत?" मी म्हणालो, "नाही. मी केली ती चूक होती, आणि पॅक ही वेगळी चूक आहे." त्याला हे पूर्ण पटलं असं वाटत नाही.

आता आम्ही शनिवारी संध्याकाळी खेळतो. सुरुवातीला माझे हाल होते. पेसमध्ये गोलवर मारायला चौकोनाचं बटण आणि क्रॉसला गोल. ईएकडे नेमकं उलट, गोल म्हणजे शॉट. गोलकीपरसमोर एकटा पोहोचल्यावर माझी बोटं वीस वर्षांच्या सवयीने चौकोन दाबायची आणि माझा स्ट्रायकर रिकाम्या गोलसमोर चेंडू हवेत उडवून बाजूला द्यायचा. मुलगा सोफ्यावरून खाली पडायचा हसून.

गेल्या शनिवारी मी पुन्हा एकटा पोहोचलो, पुन्हा चौकोन दाबला, आणि चेंडू जाळ्यात गेला. मी त्याच्याकडे बघितलं. तो स्क्रीनकडेच बघत होता. "सेटिंगमध्ये जुनी बटणं लावता येतात," तो म्हणाला. "तुझ्या कंट्रोलरला लावलीत. चल, किक ऑफ कर."