हे तर सोपं आहे

इंजिनिअरिंग ही चार वर्षांची डिग्री. माझ्या रूममेटला ती पाच वर्षांनी मिळाली. त्या जास्तीच्या एका वर्षात माझा वाटा किती, हा प्रश्न अजूनही मधूनमधून डोकं वर काढतो. त्यानं तो मला कधीच विचारलेला नाही. कदाचित म्हणूनच तो जात नाही.

पुण्यात आम्ही कॉट बेसिसवर राहायचो. एका खोलीत तीन कॉट, एक टेबल आणि कोपऱ्यात मेसचे डबे. दोघंही लहान गावांतून आलेलो, दोघंही मराठी माध्यमाचे. बारावीचे मार्क जवळपास सारखे. फरक एकच होता. माझ्या गावची एक ताई त्याच कॉलेजात दोन वर्षं पुढे होती. पहिल्या सेमिस्टरला एम-वन डोक्यावरून जायला लागल्यावर मी तिच्याकडे गेलो. तिनं लायब्ररीत सलग दोन तास बसवून घेतलं आणि आधी एक विचारलं, "नक्की कुठून कळेनासं झालं?" मग ती मला थेट अकरावीच्या डेरिव्हेटिव्हपर्यंत मागे घेऊन गेली. हसली नाही. त्या दोन तासांवर माझं अख्खं पहिलं वर्ष निघालं.

दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत आमचा पाच जणांचा ग्रुप झाला. ग्रुप म्हणजे काय, हे इंजिनिअरिंग केलेल्यांना सांगायला नको. एकाची असाइनमेंट झाली की पाचांची झाली. ड्रॉइंगच्या शीटला जीटी, म्हणजे काचेखाली बल्ब लावून एकाची शीट दुसऱ्यानं ट्रेस करायची. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल्स फिरायची. आम्ही याला मदत म्हणायचो. माझा रूममेट या मदतीत सगळ्यात मागे असायचा, म्हणजे सगळ्यात जास्त घेणारा. आम्ही त्याला कधीच नाही म्हटलं नाही. फाइल माग, फाइल घे.

एम-टूच्या पेपरच्या दोन दिवस आधीची रात्र. तो माझ्या कॉटवर येऊन बसला. डबल इंटिग्रेशनमध्ये ऑर्डर बदलायची असते, ते गणित. आत वाय हा एक्सचा वर्ग ते एक्स, बाहेर एक्स शून्य ते एक. ऑर्डर बदलली की एक्स हा वायपासून वायच्या वर्गमुळापर्यंत जातो. त्यानं विचारलं, "हे वर्गमूळ आलं कुठून?" मी म्हणालो, "अरे, हे तर सोपं आहे. उभी पट्टी आडवी करायची फक्त." त्यानं परत विचारलं. मी परत तेच म्हणालो, जरा जोरात. माझे अजून दोन युनिट बाकी होते. तो "हां हां, कळलं" म्हणाला आणि उठला.

त्याला कळलं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याची अडचण इंटिग्रेशनची नव्हतीच. एक सरळ रेषा आणि एक पॅराबोला यांच्यामध्ये अडकलेला तो पानासारखा भाग त्याला काढताच येत नव्हता. तो भाग दिसल्याशिवाय पट्टी उभी काय नि आडवी काय. कागद-पेन्सिल घेऊन वीस मिनिटांचं काम होतं. त्या रात्रीनंतर त्यानं मला गणितातलं काही विचारलं नाही. फाइल मात्र मागत राहिला आणि मी देत राहिलो.

एम-टू अडकला. केटी घेऊन तो दुसऱ्या वर्षाला आला. दुसऱ्या वर्षाचे सगळे विषय काढले, पण पहिल्या वर्षाचा विषय बाकी असेल तर तिसऱ्या वर्षाला घेत नाहीत. वायडी, म्हणजे इयर डाऊन. तिसरं वर्ष सुरू झालं तेव्हा वर्गाचा नवा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. तो मीच काढला. त्याला काढून टाकायची वेळ आली नाही, कारण त्याला घ्यायचंच नव्हतं. नोट्स, प्लेसमेंटच्या लिंक, मॉक इंटरव्ह्यू हे सगळं त्या ग्रुपवर यायचं. ज्याला आधाराची सगळ्यात जास्त गरज होती, तो नियमानुसारच बाहेर राहिला.

मी काही त्याचं वर्ष बुडवलं नाही. पेपर त्याचा होता. मलाही परीक्षा होती, माझ्याही घरी एज्युकेशन लोन होतं. ज्यानं त्यानं आपापलं बघावं, हे वाक्य मी स्वतःला अनेकदा ऐकवलंय आणि ते साफ खोटंही नाही. पण ते पूर्ण खरं असेल, तर ताईनं मला ते दोन तास का दिले? मी ते कमावले नव्हते. केवळ तिच्या गावचा होतो म्हणून मिळाले. आपले बहुतेक आधार असेच मिळतात. गाव, नातं, जात, हॉस्टेलचा मजला, बरं इंग्रजी. त्यांतलं एखादं जुळलं की कुणीतरी हात देतं. नंतर पास झालो की आपण म्हणतो, मेहनत केली. मेहनत केलेली असतेच. त्यानंही केली होती.

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात युरी ट्रिसमन यांनी या प्रश्नाकडे नीट पाहिलं. तिथे कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येनं मागे पडत होते. प्राध्यापकांची कारणं तयार होती: इच्छा कमी, पाया कच्चा, घरची परिस्थिती. ट्रिसमन मुलांच्या राहण्याच्या ठिकाणी जाऊन बसले आणि ती कशी अभ्यास करतात ते पाहिलं. मागे पडणारी मुलं मन लावून, तासन्‌तास, पण एकेकटी अभ्यास करत होती. पुढे असणारी चिनी वंशाची मुलं आधी एकटी गणितं सोडवायची, मग जमून एकमेकांच्या वह्या तपासायची आणि चुका दाखवायची. हे पाहून ट्रिसमन यांनी वर्कशॉप सुरू केले. तिथे 'कच्च्यांसाठी' सोपी गणितं नव्हती. उलट अवघड गणितं होती आणि ती गटात बसून सोडवायची होती. त्यांत येणाऱ्या मुलांचे निकाल खूपच सुधारले.

आमचाही ग्रुप होता, पण त्यात कुणी कुणाची चूक पाहत नव्हतं. आम्ही फक्त उत्तरं पुढे सरकवत होतो. फाइल देणं सगळ्यात स्वस्त पडतं, तिला एक मिनिटही लागत नाही. शिवाय फाइल मिळाली की समोरच्याला 'मला येत नाही' असं म्हणावं लागत नाही आणि आपल्यालाही ते ऐकावं लागत नाही. दोघांची सोय होते. मग परीक्षेच्या हॉलमध्ये तो एकटा असतो.

एकट्यानं करतानाही असंच फसायला होतं. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६चा प्रयोग प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून सोपं वाटतं. वही मिटली की काय येत नाही ते कळतं. ते कळणं नकोसं असतं, पण अभ्यास तिथून सुरू होतो. आणि ते मोठ्यानं कबूल करता येईल असा एक तरी माणूस जवळ लागतो.

तो माणूस होणं माझं कर्तव्य होतं का? त्याला पास करणं नव्हतं, असं मला आजही वाटतं. पण ती वीस मिनिटं माझ्याकडे देणं म्हणून आलेली होती. आपल्याकडे ऋषिऋणाची कल्पना आहे. ज्यांच्याकडून ज्ञान आलं त्यांचं ऋण अध्ययन करून फेडायचं, त्यांना काही परत देऊन नाही. ताईला मी दोन तास परत करू शकत नव्हतो, तिला एम-वन येतच होतं. ते पुढच्याला द्यायचे होते. पुढचा माझ्याच कॉटवर बसला होता आणि मी ते माझ्याकडेच ठेवले.

गेल्या वर्षी त्याला फोन केला. तोही आता आयटीतच आहे, बरं चाललंय. बऱ्याच गप्पांनंतर मी तो विषय काढला. तो म्हणाला, "अरे, तुमच्या जर्नल्समुळे तर टर्मवर्क निघालं माझं." मग थोडं थांबून म्हणाला, "तू सोपं आहे म्हणालास ना, ते मला खरंच वाटलं. सोपं आहे आणि तरी आपल्याला येत नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे. म्हणून मग विचारलंच नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता. मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "सोड रे."

परवा ऑफिसमध्ये नव्यानं लागलेल्या एका मुलानं चॅटवर तिसऱ्यांदा तीच शंका विचारली. गिटमध्ये रिबेस आणि मर्ज यांतला फरक. मी 'अरे, सिंपल आहे' एवढं टाइप केलं होतं. ते पुसलं, खुर्ची घेऊन त्याच्या डेस्कवर गेलो आणि विचारलं, "नक्की कुठून कळेनासं झालं?" कागदावर कमिटचे गोल काढत बसलो. चाळीस मिनिटं गेली. माझं त्या दिवसाचं काम रात्री घरी जाऊन पूर्ण करावं लागलं.