‘पावले’ कोणी म्हणायचं?

‘पावती’ हा शब्द ‘पावणे’ या क्रियापदातून आला. पावणे म्हणजे मिळणे, पोचणे. ‘रुपये अमुक रोख पावले’ असं लिहून खाली सही करायची ती पैसे घेणाऱ्याने. देणाऱ्याला फार तर ‘दिले’ म्हणता येतं. ‘पावले’ म्हणण्याचा हक्क ज्याच्या हातात रक्कम पडली त्याचाच. भेद साधाच आहे, पण कंपनीच्या किंवा कचेरीच्या कामासाठी विमानाने ये-जा करणाऱ्यांच्या हातून तो रोज पुसला जातो, आणि तोही विमानतळावरच्या टॅक्सीच्या पावतीवर. टॅक्सी मुक्कामाला पोचते, मीटर पाहून भाडं चुकतं होतं, पावती मागितली जाते आणि चालक एक कोरी पावती फाडून हातात देतो. आकडा तुमचा तुम्ही टाका, हे त्याला वेगळं सांगावंही लागत नाही.

ही पावती जरा जवळून पाहावी. तळहाताएवढा पातळ कागद, त्यावर टॅक्सीचं लहानसं चित्र, खाली गाडी क्रमांक, कुठून, कुठे, किलोमीटर, रुपये आणि सही यांसाठी टिंबटिंबांच्या ओळी. अशी पुस्तकं स्टेशनरीच्या दुकानात कोणालाही मिळतात. ती घ्यायला टॅक्सीचा परवाना लागत नाही की चालकाचा बिल्ला. त्यामुळे काहींच्या टेबलाच्या खणात असं अख्खं पुस्तकच असतं. प्रवासभत्त्याचं म्हणजे टीए बिल भरायच्या दिवशी एकाच पेनाने, एकाच अक्षरात, चार वेगवेगळ्या चालकांच्या चार पावत्या लिहिल्या जातात. तारखा तीन आठवड्यांत पसरलेल्या, शहरं दोन, आणि पावत्यांचे अनुक्रमांक मात्र ४१, ४२, ४३, ४४. लेखा विभागात बसलेल्या माणसाला हे दिसत नाही असं नाही. त्याला दिसतं, ‘सपोर्टिंग’ जोडलं आहे अशी खूण तो करतो आणि बिल पुढे सरकवतो.

तीनशेचे सहाशे करणाऱ्याबद्दल इथे फार लिहीत नाही. ती चोरी आहे, आणि ती करणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. विचार करायला लावतो तो दुसरा माणूस: ज्याने खरोखर ४१३ रुपये दिले, ज्याला पावती मिळाली नाही आणि ज्याने कोऱ्या कागदावर नेमके ४१३च लिहिले. तो म्हणेल, यात कोणाचं काय गेलं? कंपनीने जेवढं द्यायला हवं तेवढंच दिलं, मी जेवढं खर्चलं तेवढंच घेतलं. हिशोब बरोबर आहे, आणि हा आक्षेप हलका नाही. पण त्या कागदावर फक्त आकडा नाही, खाली एक सहीही आहे. ती सही नाव न विचारलेल्या एका चालकाची म्हणून केलेली आहे. आकडा खरा आणि साक्ष खोटी, अशी ही जोडी आहे. कोर्टात एखाद्याची बाजू खरी असली तरी त्याने खोटा साक्षीदार उभा केला तर आपण ते मान्य करत नाही, कारण खोट्या साक्षीने त्या एका खटल्यापेक्षा मोठं काहीतरी बिघडतं. इथेही तेच होतं. खऱ्या रकमेसाठी खोटी सही करताना हात एकदा थरथरतो, दुसऱ्यांदा थरथरत नाही, आणि रक्कम वाढवायची वेळ येते तेव्हा अडवायला काही उरलेलं नसतं. चोरी करणारा आणि न करणारा हे दोघं त्या कागदावर अगदी सारखे दिसतात, हे तर प्रामाणिक माणसाचं सर्वांत मोठं नुकसान.

मात्र हा दोष एकट्या प्रवाशाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. ज्या कचेरीचा नियम ‘पावती नाही तर पैसे नाहीत’ एवढाच आहे, तिने त्या माणसापुढे दोनच वाटा ठेवल्या आहेत: खिशातून भरा किंवा कागद तयार करा. महिन्याला सहा-आठ फेऱ्या असणाऱ्या, पगार बेताचा असलेल्या विक्री प्रतिनिधीला पहिली वाट परवडत नाही. शिवाय या नियमाने काय साधतं तेही पाहायला हवं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं भाडं चालक ठरवत नाही. ते मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दराप्रमाणे पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २०.६६ रुपये, मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत सव्वापट. वीस किलोमीटरचा दिवसाचा प्रवास म्हणजे ४१३ रुपये, आणि सिग्नलला, कोंडीत थांबावं लागलं तर थोडे जास्त. विमानाचं तिकीट कचेरीनेच काढलेलं, हॉटेल कुठे आहे तेही तिला माहीत. मग कोऱ्या पावतीवर माणसाने स्वतः लिहिलेल्या आकड्यापेक्षा हे त्रैराशिक जास्त भरवशाचं नाही का? यूपीआयने भाडं दिलं असेल तर बँकेची नोंदही हाताशी असते. तरीही अनेक ठिकाणी ‘हे बिल नव्हे’ म्हणून ती नोंद परत येते आणि दुकानातून आणलेल्या पुस्तकातलं पान चालतं.

या आग्रहाचा आणखी एक परिणाम दूरवर जाऊन पोचतो. ॲपवरून गाडी मागवली की बिल आपोआप ईमेलवर येतं, म्हणून कामासाठी फिरणारा माणूस रांगेत उभी असलेली काळी-पिवळी सोडून ॲपकडे वळतो. भाडं कमी की जास्त, गाडी बरी की वाईट, हा प्रश्नच उरत नाही. कागद कोण देतो यावर गिऱ्हाईक ठरतं. मीटरप्रमाणे चोख भाडं घेणारा, पण छापील बिल देण्याची सोय नसलेला चालक त्या स्पर्धेत मागे पडतो. त्याने कोणाला फसवलेलं नसतं. पावतीपुस्तकातली पानं फाडून देण्यामागेही बहुतेक वेळा लबाडी नसते, गिऱ्हाईक हातचं जाऊ नये एवढीच काळजी असते.

यावर लेखापाल सांगतील की आम्हाला कायद्याने बांधलं आहे, प्राप्तिकर अधिकारी विचारतो, ऑडिटर विचारतो. विचारतात, यात शंका नाही. पण १९६१च्या प्राप्तिकर कायद्याची मूळ अट खर्च पूर्णपणे धंद्यासाठीच झालेला असावा ही होती. प्रत्येक टॅक्सीला तिसऱ्या माणसाची पावती हवी, असं तिने कुठे म्हटलेलं नाही. खुद्द केंद्र सरकारने १३ जुलै २०१७च्या आदेशात आपल्या कर्मचाऱ्यांसाठी दौऱ्यातल्या शहरांतर्गत प्रवासाचे दर ठरवले, सहा ते आठ या वेतनस्तरांसाठी दिवसाला २२५ रुपये, आणि आठव्या स्तरापर्यंत त्या मर्यादेतली रक्कम पावतीशिवाय, कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या प्रमाणपत्रावर द्यावी असं म्हटलं. त्यात प्रवासाचा काळ आणि गाडीचा क्रमांक लिहायचा, एवढंच. अमेरिकेची गोष्ट तर या बाबतीत फार बोलकी आहे. ब्रॉडवेचा नट आणि निर्माता जॉर्ज कोहन याने प्रवासावर, पाहुणचारावर बराच खर्च केला होता, पण पावत्या ठेवल्या नव्हत्या. १९३० साली न्यायाधीश लर्नेड हँड यांनी निकाल दिला की खर्च झाला हे स्पष्ट असेल तर अंदाजाने का होईना काही रक्कम करवजावटीसाठी मान्य करावी, मात्र पुरावा न ठेवणाऱ्याला अंदाजात झुकतं माप देऊ नये. त्याचा गैरफायदा घेतला गेला, म्हणून १९६२मध्ये कायदा कडक झाला. पण कडक कायदाही शेवटी एका मर्यादेवर स्थिरावला: १९९५पासून, मुक्कामाचा खर्च सोडला तर, ७५ डॉलरखालच्या खर्चाला पावती लागत नाही. तारीख, जागा, रक्कम आणि कारण मात्र लिहून ठेवावंच लागतं. म्हणजे सवलत पावतीपुरती आहे, हिशोबापुरती नाही.

इथे खरा कठीण आक्षेप येतो. विश्वास टाकला की लोक लुटतात, त्याचं काय? ब्रिटनच्या खासदारांना २००८पर्यंत २५० पौंडांखालच्या खर्चाला पावती लावावी लागत नव्हती, आणि २००९च्या मे महिन्यात त्यांचे हिशोब वृत्तपत्रात छापून आले तेव्हा सारा देश हादरला, सभापतींना पायउतार व्हावं लागलं. पावतीशिवायची मोकळीक किती निसरडी असते याचा हा पुरावा आहे आणि तो मी नाकारत नाही. मर्यादा ठेवायची तर ती लहानच हवी. पण त्या प्रकरणातलं लोकांच्या कायमचं लक्षात राहिलेलं उदाहरण कोणतं? तळ्यात बदकांसाठी तरंगतं घर, किंमत १,६४५ पौंड. त्याचं बिल होतं. एका घराला कागदोपत्री ‘दुसरं घर’ ठरवून फायदा उकळणाऱ्यांचे कागद तर चोख होते. आपल्याकडे राज्यसभेच्या एका माजी सदस्याला २०२२मध्ये शिक्षा झाली ती न केलेल्या विमानप्रवासाचे पैसे घेतल्याबद्दल, आणि त्यांच्या दाव्यांना बनावट तिकिटं आणि बोर्डिंग पास जोडलेले होते. तेव्हा कागदाने लबाडी थांबते हे गृहीतकच तपासून पाहायला हवं. २०२५पासून तर चित्र बनवणाऱ्या एआय साधनांना एक ओळ लिहिली की सुरकुत्या आणि चहाचा डाग असलेली पावती क्षणात तयार होते. कोऱ्या पावतीपुस्तकासाठी निदान दुकानापर्यंत जावं लागायचं. लबाड माणूस कागदाने अडत नाही. अडतो तो ज्याला खोटी सही करायची लाज वाटते तो.

म्हणून चालकाने दिली आणि त्यानेच भरली तर पावती जरूर घ्यावी. गाडी थांबल्यावर दहा सेकंदांचं काम आहे, क्रमांक आणि रक्कम त्यालाच लिहू द्यावी. ती मिळाली नाही तर व्हाउचरवर आपल्या नावाने, आपल्या सहीने लिहावं: पावती मिळाली नाही, मीटरप्रमाणे ४१३ रुपये रोख दिले, गाडी क्रमांक अमुक. हे लिहिणं कोऱ्या पावतीपेक्षा अवघड आहे, कारण त्यात लपायला दुसऱ्याची सही नाही. आणि ते स्वीकारणं वरिष्ठांनाही अवघड जातं, कारण मग त्यांना कागदावर नव्हे तर माणसावर सही करावी लागते. शंका आली तर त्याला समोर बसवून विचारावं लागतं. ही जबाबदारी दोघांनीही टाळली म्हणून ते पावतीपुस्तक खणात राहिलं. हिशोब आणि पावती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विलायतेत शिकणारे गांधीजी बसचं भाडं, टपालाचा खर्च, वर्तमानपत्राचे पैसे रोज लिहून रात्री झोपण्याआधी शिल्लक मांडत. तिथे त्यांना विचारणारा ऑडिटर कोणी नव्हता. पुढे १८९४मध्ये नाताळ इंडियन काँग्रेससाठी वर्गणी गोळा करताना मात्र ते प्रत्येक रकमेला पावती देत. स्वतःच्या खर्चासाठी स्वतःची नोंद, आणि दुसऱ्याचा पैसा हातात आला की ‘पावले’ म्हणून सही.

२०१७च्या त्याच सरकारी आदेशात आणखी एक तरतूद आहे. दौऱ्यावर गेलेला कर्मचारी पायी गेला तर त्याला, तेव्हाच्या दराने, किलोमीटरमागे १२ रुपये द्यायचे. चालण्याची पावती देणारा कोणी नसतो. किती चाललो ते त्यानेच लिहायचं आहे, आणि कचेरीने ते वाचून पैसे द्यायचे आहेत.