शांतता कोणाची?

पुंडलिकाने आई-बापांची सेवा केली म्हणून देव विटेवर उभा राहिला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या सेवेचा हिशेब कोणी मागितला नव्हता. पण जेथे लेक जवळ नाही, सून नाही, आणि म्हातारपण पगारी माणसाच्या हाती सोपवावे लागते, तेथे सेवा झाली की नाही हे कोणी व कसे पाहावे?

अमेरिकेतील शुश्रूषागृहांची हकीकत या बाबतीत ऐकण्यासारखी आहे. स्मृतिभ्रंश झालेला म्हातारा रात्री ओरडतो, उठून चालू लागतो. त्याला गप्प ठेवण्यासाठी मनोविकारावरची जालीम औषधे देण्याचा प्रघात तेथे पडला होता. अशा वृद्धांना या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा तेथील औषध-नियंत्रण खात्याने २००५ साली दिला. पुढे २०१२ मध्ये सरकारी खाती, शुश्रूषागृहांच्या संघटना, वैद्यक मंडळी आणि वृद्धांची बाजू मांडणाऱ्या संस्था एकत्र आल्या. २०११ अखेर औषधाचे प्रमाण शेकडा २४ च्या घरात होते. ते काही वर्षांत १५ च्या आसपास आले. काम लहान नव्हे.

आता पुढचे ऐका. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण या मोजणीतून वगळलेले होते, कारण त्यांना ही औषधे लागतातच. तेव्हा काही ठिकाणी ऐन म्हातारपणी हा आजार उपटल्याच्या नोंदी होऊ लागल्या! औषध तेच, म्हातारा तोच, कागद मात्र स्वच्छ. २०२१ साली वृत्तपत्रांतून याचा बभ्रा झाला, आणि जानेवारी २०२३ मध्ये सरकारने अशा नोंदींची तपासणी जाहीर केली.

यावर कोणी म्हणेल, सेवा मनातूनच यायला हवी, तिथे मोजमाप कसले? आम्हांला हे पटत नाही. मोजलेच नसते तर किती जणांना गुंगीत ठेवले आहे, हे तरी कोणाला कळले असते? वारीलाही शिस्त लागतेच की. माउलींच्या समाज-आरतीला चोपदाराने चोप उंच केला की सारे टाळ-मृदंग थांबतात. पण ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असते, तिचे टाळ वाजत राहतात, आणि तिचे ऐकून घेतले जाते. त्या म्हाताऱ्याच्या हाती मात्र टाळ नाही. त्याचे ओरडणे हेच त्याचे गाऱ्हाणे. पाठ दुखत असेल, लघवी तुंबली असेल, कदाचित मेलेली बायको आठवत असेल. गोळी देऊन तेवढेही बंद करायचे आणि वहीत लिहायचे, ‘रात्र शांत गेली’!

या संस्थांनी गोळ्या मोजाव्यातच. पण तो का ओरडतो, हे खाटेशी बसून विचारणारे माणूस रात्रपाळीला आहे काय, हेही त्यांनी पाहावे. आपल्याकडेही वृद्धाश्रम निघत आहेत, आणि आपली भजनी मंडळे एकादशीला तेथे जातात. भजन आटोपल्यावर लगेच चहाकडे न वळता, जो उठलाच नाही तो केव्हापासून झोपला आहे, एवढे विचारून यावे.